रहस्य, भय, विज्ञान, अद्भुत: कथामासिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉनर मासिक म्हणजे नक्की काय? कथासंग्रहापेक्षा ते वेगळं कसं?

एका किंवा दोन-तीन शेजारच्या कथाप्रकारांना वाहिलेलं नियतकालिक म्हणजे जॉनर मासिक. रहस्यकथेचं वेगळं, भयकथेचं वेगळं. विज्ञानकथा आणि फँटसी बऱ्याचदा एकत्र नांदतात. कथासंग्रह एका लेखकाचा असतो आणि संकलनात आधी गाजलेल्या कथा येतात. मासिकातली कथा मात्र सहसा पहिल्यांदाच छापली जात असते. ती चांगली आहे असं आतापर्यंत फक्त संपादकाचं मत असतं. बाकी सगळा फरक यातूनच येतो.

हा प्रकार सुरू कधी झाला?

लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात जुलै १८९१ पासून शेरलॉक होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या. त्यातली युक्ती साधी होती. नायक तोच, पण कथा दर अंकात पूर्ण. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक तुटतो. इथे तुटत नाही. १८९६ मध्ये अमेरिकेतलं 'आर्गोसी' निव्वळ कथांचं झालं आणि स्वस्त, खरबरीत लगद्याच्या कागदावर छापलं जाऊ लागलं. 'पल्प' हे नाव त्या कागदावरून पडलं.

सुरुवातीच्या पल्पमध्ये सगळंच असायचं: समुद्रसफरी, प्रेम, घोडेस्वार, खून. पुढे वाटण्या झाल्या. गुप्तहेरकथांचं 'डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन' १९१५ मध्ये, 'ब्लॅक मास्क' १९२० मध्ये, भय आणि अद्भुताचं 'वीअर्ड टेल्स' मार्च १९२३ मध्ये आणि ह्यूगो गर्न्सबॅक यांचं विज्ञानकथांचं 'अमेझिंग स्टोरीज' एप्रिल १९२६ मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, त्यानंतर पेपरबॅक आणि टीव्ही आले, आणि पन्नाशीच्या दशकात मोठ्या आकाराचा पल्प संपला. जे टिकले ते साधारण साडेपाच बाय साडेसात इंचांच्या डायजेस्ट आकारात गेले.

कादंबऱ्या, वेब सीरिज, सिनेमे एवढे असताना लोक अजून ही मासिकं का वाचतात?

पहिलं कारण लांबीचं. 'असं झालं तर?' या एका प्रश्नावर उभी असलेली कल्पना पंधरा-वीस पानांत तडीस जाते. तीच तीनशे पानांवर ताणायची तर उपकथानकं, खलनायकाचं बालपण असं सगळं भरावं लागतं आणि मूळ प्रश्न पातळ होतो. त्यात जॉनरचे संकेत मदतीला येतात. यान ताऱ्यांमधलं अंतर कसं कापतं, हे विज्ञानकथेच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. 'यानाने उडी घेतली' एवढ्यावर काम भागतं. रहस्यकथेत पहिल्याच पानावर प्रेत पडलं तर कोणी दचकत नाही. असे वाचवलेले पाचशे शब्द लेखक खऱ्या कामाला लावतो.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही, पण आमच्या मते तेच जास्त महत्त्वाचं: मासिकात शेवटाचा अंदाज बांधता येत नाही. कादंबरी हातात असली की किती पानं उरली ते कळतं, आणि मालिकेचा नायक तिसऱ्या भागात मरणार नाही हेही माहीत असतं. मासिकातल्या कथेत कोणालाच असं अभय नसतं. नायिका चौथ्या पानावर मरू शकते, गुन्हेगार सुटू शकतो, कथा मध्येच वाटावी अशा ठिकाणी थांबू शकते. भयकथा लघुरूपात जास्त जमते, त्याचंही एक कारण हेच.

तिसरं, या मासिकांत कथा एकमेकींशी बोलतात. एकाने मांडलेली कल्पना दुसरा वर्षभरात उलटी करून दाखवतो. वाचकही या बोलण्यात असतात. 'अमेझिंग'च्या पत्रव्यवहारात गर्न्सबॅक वाचकांचे पूर्ण पत्ते छापत. त्यामुळे वाचक थेट एकमेकांना लिहू लागले, मंडळं निघाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. आजचा ह्यूगो पुरस्कार त्याच संमेलनाचा. तो १९५३ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. 'अस्टाउंडिंग', म्हणजे आजचं 'ॲनालॉग', वाचकांच्या कौलाने कथांना क्रम लावत आलं आहे. ते सदर 'ॲनालिटिकल लॅबोरेटरी' या नावाने ओळखलं जातं.

शिवाय वेग आहेच. मार्च १९४४ च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये युरेनियमच्या बाँबवर कथा आली तेव्हा अणुबाँब बनवण्याचा अमेरिकेचा मॅनहॅटन प्रकल्प कडेकोट गुप्त होता. तपास अधिकारी संपादकांकडे विचारपूस करायला पोचले, तर माहिती उघड छापलेल्या शास्त्रीय लेखांतली निघाली. छापायची ती कादंबरी असती तर अणुबाँब आधी आला असता.

संपादकाला एवढं महत्त्व का? तो फक्त कथा निवडतो ना?

निवडतो, मागे लागून दुरुस्त करून घेतो, लावतो आणि पुष्कळ नाकारतो. जॉन कॅम्पबेल १९३७ च्या अखेरीपासून १९७१ मध्ये मृत्यू होईपर्यंत एकाच मासिकाचे, 'अस्टाउंडिंग'चे, संपादक होते. कथेतलं विज्ञान घट्ट असावं आणि पात्रांनी अडचणीतून डोकं चालवून वाट काढावी, हा त्यांचा आग्रह. १९४९ मध्ये आलेल्या 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन'ने भाषेच्या सफाईला पुढे आणलं. १९५० च्या 'गॅलक्सी'त एच. एल. गोल्ड यांना यंत्रापेक्षा यंत्राने समाजाचं काय केलं यात रस होता. एकच कल्पना तिघांकडे गेली असती तर तीन वेगळ्या कथा छापून आल्या असत्या. 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' १९४१ पासून चालू आहे. त्यात पहिल्यांदाच छापून येणाऱ्या लेखकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. काही वाचक तो विभाग आधी उघडतात, कारण नाव माहीत नसलं की अपेक्षाही नसते.

एका माणसाची आवड इतकी चालते याची किंमतही असते. कॅम्पबेल यांनी आपल्या मासिकातून छद्मविज्ञानाला थारा दिला, आणि त्यांची वंशाबद्दलची मतं तर उघड द्वेषाची होती. त्यांच्या नावाचा नवोदितांचा पुरस्कार २०१९ मध्ये बदलून 'अस्टाउंडिंग पुरस्कार' झाला. म्हणून एकाच मासिकाशी निष्ठा ठेवू नका. दोन भिन्न संपादकांची दोन मासिकं वाचा.

अंकात कथांचा क्रम कसा ठरतो? काही अर्थ असतो का त्याला?

असतो, आणि एकदा कळला की अंक वाचायची गंमत वाढते. समजा अंकात सुमारे ७५ हजार शब्दांची जागा आहे. त्यात वीस हजारांची एक लघुकादंबरी, नऊ-नऊ हजारांच्या चार दीर्घकथा आणि चार-चार हजारांच्या पाच लघुकथा बसतात. लघुकादंबरी सहसा अगदी शेवटी किंवा अगदी सुरुवातीला जाते. मध्ये टाकली तर अंकाचा कणा मोडतो. पहिली कथा ओळखीच्या नावाची किंवा पहिल्या परिच्छेदातच पकडणारी. सगळ्यात विचित्र, प्रयोगशील कथा तिसऱ्या-चौथ्या जागी जाते, कारण तोवर वाचक रुळलेला असतो. दोन भुतं लागोपाठ येत नाहीत, प्रथमपुरुषी निवेदनाच्या दोन कथाही शक्यतो नाहीत. दोन जड कथांच्या मध्ये हजार-दीड हजार शब्दांची हलकी कथा.

क्रम चुकला की काय होतं? सुट्या चांगल्या असलेल्या कथा एकमेकींची हवा काढून घेतात. लागोपाठ दोन कथांत शेवटी निवेदकच खुनी निघाला, तर दुसरीतला धक्का वाया जातो, मग ती कितीही सफाईने लिहिलेली असो.

लघुकथा, दीर्घकथा, लघुकादंबरी यांच्या सीमा कुठे?

ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांचे आकडे सगळे धरून चालतात: ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत दीर्घकथा, पुढे ४०,००० पर्यंत लघुकादंबरी, त्यावर कादंबरी. हजार शब्दांच्या आतलीला फ्लॅश म्हणतात. हे इंग्रजी शब्दांचे आकडे आहेत.

छापील मासिकं संपली ना?

दर पिढीत कोणीतरी हे सांगतं. मासिकं खरंच मरतात, पण वाचक संपल्यामुळे क्वचित; बहुतेक वेळा वितरण कोसळल्यामुळे. १९५७ मध्ये 'अमेरिकन न्यूज कंपनी' या बलाढ्य वितरकाने गाशा गुंडाळला. स्टॉलपर्यंत पोचायची वाटच गेल्याने अनेक कथामासिकं त्यानंतर लवकरच बंद पडली. २०२३ मध्ये ॲमेझॉनने किंडलवरच्या मासिकांच्या वर्गण्या बंद केल्या. तिथल्या वर्गणीदारांवर विसंबलेल्या डिजिटल मासिकांना एका फटक्यात उत्पन्नाचा मोठा हिस्सा दुसरीकडे उभा करावा लागला.

खप घटला आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सत्तरच्या दशकात 'ॲनालॉग'चा खप लाखावर होता. आज या वर्गातली मासिकं हजारांत मोजली जातात. 'ॲनालॉग', 'असिमॉव्ह्ज' ही विज्ञानकथांची मासिकं आणि त्याच प्रकाशनाची दोन रहस्यकथांची मासिकं २०१७ पासून द्वैमासिक झाली. पानं वाढली, अंक कमी झाले. टपालखर्च वाचवायचा तो सरळ मार्ग होता. डिजिटल बाजूला 'स्ट्रेंज होरायझन्स' २००० पासून, 'क्लार्क्सवर्ल्ड' २००६ पासून, 'लाइटस्पीड' २०१० पासून आणि 'अनकॅनी' २०१४ पासून निघतं आहे.

ऑनलाइन कथा फुकट वाचता येतात. मग पैसे कोण आणि का देतं?

थोडे वाचक सगळ्यांच्या वाट्याचे पैसे देतात. कथा संकेतस्थळावर मोफत असते. वर्गणीदाराला पूर्ण अंक ईपब फाइलमध्ये, अनेकदा आधी मिळतो. 'स्ट्रेंज होरायझन्स' देणग्यांवर चालतं आणि दरवर्षी निधी गोळा करतं. इतरांकडे मासिक आधार देणारे सदस्य आहेत.

वर्गणी भरताना तीन गोष्टी पाहा. फाइल डीआरएममुक्त (कॉपीबंदीचं कुलूप नसलेली) आहे का, म्हणजे मासिक बंद पडलं तरी अंक तुमच्याकडे राहतील. वर्गणी आपोआप पुढे चालू होते का. आणि पैसे वर्षाचे आहेत की ठरावीक अंकांचे: अनियमित मासिकाच्या बाबतीत अंकांवर मोजलेली वर्गणीच बरी.

नवखा आहे. सुरुवात कुठून करू?

गेल्या सहा महिन्यांतला कुठलाही एक पूर्ण अंक घ्या. 'सर्वोत्कृष्ट शंभर कथा' अशा यादीपासून सुरुवात करू नका. यादीतल्या कथा निवडून निवडून गुळगुळीत झालेल्या असतात आणि मासिकाचा ओबडधोबडपणा त्यांत लागत नाही. अंक आहे त्या क्रमाने वाचा. कथा पंधराशे शब्दांपर्यंत पकडत नसेल तर बिनदिक्कत सोडा. हाच तर या प्रकाराचा फायदा. पाच हजार शब्दांची कथा साधारण वीस मिनिटांत होते. तीन अंक वाचले की मासिक आपलं आहे की नाही ते कळतं, एका अंकावरून कळत नाही. दहापैकी तीन कथा आवडल्या तर अंक चांगला समजा.

लोकांचं सगळ्यात जास्त कुठे बिनसतं? सगळे अंक साठवून 'एकदम वाचू' म्हणतात तिथे. अंक साचले की वाचनाचं ओझं होतं आणि वर्गणी बंद होते. मागचा राहिला तर राहू द्या, नवा उघडा.

वाचावी की ऐकावी?

दोन्ही. 'एस्केप पॉड' हे पॉडकास्ट २००५ पासून विज्ञानकथा वाचून दाखवतं, 'स्यूडोपॉड' २००६ पासून भयकथा. पाच हजार शब्दांना अर्धा तास धरा. भयकथा ऐकताना जास्त चढते, कारण नजर पुढे पळवता येत नाही. सुगावे लक्षात ठेवायची रहस्यकथा मात्र वाचावी. मागचं पान उलटून बघण्यातच तिची मजा आहे.

जुने अंक विकत घ्यायचे आहेत. काय तपासू?

आधी पानं मोजा. पल्प अंकांची शेवटची पानं आणि कूपन असलेली पानं हमखास कापलेली असतात. कूपनाच्या मागच्या बाजूला कथेचा मजकूर असतो, म्हणजे कूपनाबरोबर कथेचा तुकडाही गेला. मग पिना बघा. गंजलेल्या पिनेभोवतीचा कागद जळल्यासारखा तांबूस होतो आणि मधली पानं सुटतात. पल्पचं मुखपृष्ठ आतल्या पानांपेक्षा थोडं मोठं असायचं. बाहेर आलेली ती कड बहुतेक वेळा फाटलेली किंवा छाटलेली मिळते. छाटलेला अंक वाचायला चालतो, संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते. डायजेस्ट आकाराच्या, डिंकाने बांधलेल्या अंकांत कणा तपासा: नव्वद अंशांपर्यंत हळू उघडा, करकरलं तर थांबा.

ऑनलाइन घेताना कण्याचा, मलपृष्ठाचा आणि मधल्या पानांचा फोटो मागा. फक्त मुखपृष्ठाचा फोटो दिला असेल तर बाकी काहीतरी लपवायचं असतं, असं धरून चाला. आणि आधी ठरवा: अंक वाचायला हवाय की जपायला? वाचायला हवा असेल तर मुखपृष्ठ नसलेली प्रत घ्या. ती बरीच स्वस्त पडते आणि कथा त्याच असतात.

पानं तपकिरी पडून तुटताहेत. थांबवता येईल का?

थांबवता येत नाही, मंदावता येतं. लगद्याच्या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू तुटतात. उष्णता आणि दमट हवेत हे भराभर होतं.

अंक १८ ते २० अंश तापमानात आणि ३५ ते ४५ टक्के आर्द्रतेत ठेवता आले तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान रोजचा चढउतार टाळा: बाहेरच्या भिंतीला लागून, छताखाली, खिडकीजवळ ठेवू नका. पिशवी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची. पीव्हीसी नको, त्यातून वायू सुटतात आणि शाई चिकटते. मागे आम्लमुक्त पुठ्ठा घाला. पल्प आडवे, एकावर एक दहाच्या आत. डायजेस्ट उभे, पण सैल किंवा कोंबून नाही. रबरबँड, सेलोटेप, लॅमिनेशन यांच्या वाटेला जाऊ नका. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो आणि तो काढता येत नाही. नवा आलेला जुना अंक दोन आठवडे वेगळा ठेवा. कसर किंवा बुरशीचा वास एका अंकातून सगळ्या कपाटात जातो.

वाचण्यासाठी अंक पुन्हा पुन्हा उघडण्यापेक्षा एकदा वरून फोटो काढून घ्या. सपाट स्कॅनरवर दाबू नका, कणा जातो.

जुन्या कथा इंटरनेटवर फिरतात. त्या मोफत वापरता येतात का?

सरसकट नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वी छापलेल्या मजकुराचा हक्क फार तर प्रकाशनाला ९५ वर्षं उलटून गेली की संपतो. १९६३ पर्यंत छापलेल्या मजकुराचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावा लागे. अनेक प्रकाशकांनी ते केलंच नाही आणि तो मजकूर खुला झाला. घोळ इथेच होतो. मासिकाचं नूतनीकरण झालं नसलं तरी लेखकाने आपल्या कथेचं वेगळं केलेलं असू शकतं. म्हणून अंक खुला असला तरी त्यातली प्रत्येक कथा वेगळी तपासावी लागते. इतर देशांत बहुधा लेखकाच्या मृत्यूपासून वर्षं मोजतात, त्यामुळे उत्तर देशागणिक बदलतं.

मला कथा पाठवायची आहे. पद्धत काय?

१. मासिकाचे ताजे दोन अंक वाचा, मग नियमांचं पान वाचा. शब्दमर्यादा, कथा स्वीकारण्याचा काळ, फाइलचा प्रकार तिथे दिलेला असतो. मर्यादा पाच हजारांची असताना सहा हजारांची कथा गेली तर ती बहुधा न वाचताच परत येते.

२. हस्तलिखिताचा साचा: १२ पॉइंटचा साधा फाँट, ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना एक इंच समास. पहिल्या पानावर डावीकडे नाव-पत्ता, उजवीकडे शब्दसंख्या. पुढच्या पानांच्या माथ्यावर आडनाव, शीर्षक, पृष्ठक्रमांक. लेखकाचं नाव झाकून वाचणाऱ्या मासिकांत नाव कुठेच नको, फाइलच्या गुणधर्मांतही नाही. तिथलं नाव काढायला बरेच जण विसरतात.

३. सोबतचं पत्र तीन ओळींचं: शीर्षक, शब्दसंख्या, आधीचं प्रकाशन असेल तर त्यातली दोन-तीन नावं. कथेचा सारांश लिहू नका. शेवट पत्रातच फुटला तर कथा कशाला वाचायची?

४. एकच कथा एकाच वेळी अनेकांना पाठवणं पुष्कळ मासिकांना चालत नाही. चालतं असं लिहिलेलं असेल तरच करा, आणि एकीकडे स्वीकारली गेली की त्याच दिवशी इतरांना कळवा.

५. कुठे, कधी पाठवलं याची नोंद ठेवा. 'सबमिशन ग्राइंडर' हे मोफत साधन त्यासाठीच आहे. कुठलं मासिक किती दिवसांत उत्तर देतं तेही त्यावर दिसतं.

कथा 'साभार परत' येते पण कारण देत नाहीत. नेमकं काय चुकत असेल?

मासिकाकडे आलेल्या कथांच्या ढिगातली कथा वाचणारा पहिल्या दीड-दोन पानांवर ठरवतो. सगळ्यात सामान्य दोष म्हणजे कथा खूप आधी सुरू होते: नायक उठतो, आरशात बघतो, हवामान कळतं, आणि घडायचं ते चौथ्या पानावर घडतं. पहिली तीन पानं काढून बघा, बऱ्याचदा काही अडत नाही. दुसरा दोष धक्क्याचा. 'ते सगळं स्वप्न होतं', 'निवेदक मेलेलाच होता' हे शेवट संपादकाने इतके पाहिलेले असतात की त्याला ते दुसऱ्या पानावरच दिसतात. तिसरा, विज्ञानकथा-फँटसीत खास: जगाची माहिती पात्रांच्या तोंडी कोंबलेली. 'तुला ठाऊकच आहे की आपला ग्रह...' असं दोन रहिवासी एकमेकांना कधीच सांगत नाहीत.

आणि पुष्कळ कथा चांगल्या असूनही परत येतात, कारण तसल्याच विषयाची कथा मागच्या महिन्यात घेतलेली असते. 'ही जमली नाही, पण पुढची पाठवा' असं उत्तर आलं तर ते शब्दशः घ्या. संपादक हे शिष्टाचार म्हणून लिहीत नाहीत. कथा दुसरीकडे पाठवा आणि या मासिकाला नवी.

मानधन किती मिळतं? त्यावर पोट भरतं का?

नाही. अमेरिकेतली विज्ञानकथा-फँटसी लेखकांची संघटना २०१९ पासून शब्दाला ८ सेंट हा व्यावसायिक दर मानते. त्या दराने पाच हजार शब्दांचे ४०० डॉलर होतात. तिसाच्या दशकात पल्पचा सर्वसाधारण दर शब्दाला एक सेंट होता. महागाई धरली तर तो आजच्या २० सेंटांच्या वर जातो. म्हणजे तेव्हाचा हलका समजला जाणारा दर आजच्या मान्य दराच्या दुपटीहून जास्त होता. तेव्हा लोक त्यावर घर चालवत, कारण मासिकं शेकडो होती आणि ते महिन्याला लाखभर शब्द खरडत.

मानधन स्वीकृतीवर मिळणार की प्रकाशनावर, ते विचारा. प्रकाशनावर असेल आणि अंक लांबला तर पैसेही लांबतात. कथा वाचण्यासाठी लेखकाकडूनच फी मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

करारात काय बघायचं?

मासिकाला प्रथम प्रकाशनाचा हक्क, सहा ते बारा महिन्यांचा एकाधिकार आणि ऑनलाइन संग्रहात कथा ठेवण्याचा साधा हक्क लागतो. यापलीकडे 'सर्व हक्क', चित्रपटाचे हक्क किंवा लेखकाचे नैतिक हक्क (कथेवर आपलं नाव असणं, तिची मोडतोड न होणं) सोडून देण्याची अट असेल तर ते कलम काढायला सांगा. ठरावीक मुदतीत कथा छापली नाही तर हक्क परत येतील, हे लेखी हवं. नसलं तर मासिक बंद पडल्यावर कथा अडकून राहते.

एआयने लिहिलेल्या कथांमुळे काय बदललं?

२० फेब्रुवारी २०२३ रोजी 'क्लार्क्सवर्ल्ड'ला कथा स्वीकारणं तात्पुरतं थांबवावं लागलं. झटपट पैशाच्या सल्ल्यांना भुलून लोकांनी यंत्राने लिहिलेल्या कथांचा पूर आणला होता. पुढच्या महिन्यात दार पुन्हा उघडलं, पण चाळणी लावून. आज बहुतेक मासिकं अशा कथा नाकारतात आणि काही तर पाठवणाऱ्यावर कायमची बंदी घालतात. खरा तोटा नवोदितांचा आहे. ढीग वाढला की उत्तर उशिरा येतं, आणि काही ठिकाणी दार वर्षातून थोडेच दिवस उघडतं.

हे सगळं इंग्रजीपुरतंच आहे का?

मुळीच नाही. जपानचं 'एसएफ मॅगझिन' फेब्रुवारी १९६० च्या अंकापासून चालू आहे. चीनमधल्या छंगदूचं 'सायन्स फिक्शन वर्ल्ड' १९७९ मध्ये सुरू झालं. १९९९ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत 'स्मृतीचं प्रत्यारोपण करता आलं तर' हा निबंधाचा विषय आला आणि या मासिकाने नेमका त्याच सुमारास तो विषय हाताळलेला होता. पालकच वर्गणी भरायला लागले. पुढे जगभर गाजलेली लिऊ त्सिशिन यांची 'थ्री-बॉडी' कादंबरी २००६ मध्ये याच मासिकात क्रमशः आली. अनुवादित कथा हव्या असतील तर 'क्लार्क्सवर्ल्ड' बघा. अनुवाद पाठवायचा असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या.

आम्हीच एक छोटं मासिक काढलं तर?

काढा, पण आधी हिशोब करा. अंकात चार-चार हजार शब्दांच्या चार कथा, शब्दाला ८ सेंट: १,२८० डॉलर फक्त लेखकांचे. मुखपृष्ठाचं चित्र, मुद्रितशोधन, संकेतस्थळ, पैसे घेणाऱ्या सेवेचं कमिशन वेगळं. महिन्याला दोन डॉलर देणारे पाचशे वर्गणीदार मिळाले तरी १,००० डॉलरच होतात. तेव्हा दर कमी ठेवा किंवा कथा कमी घ्या; लेखकांचे पैसे उधार ठेवू नका, ती बातमी वाचकांआधी लेखकांत पसरते.

मासिकाऐवजी त्रैमासिक जाहीर करा. पहिला अंक बाहेर पडण्याआधी पुढच्या दोन अंकांच्या कथा घेतलेल्या, मानधन दिलेलं आणि संपादकीय संस्कार झालेल्या असू द्या. नवी मासिकं बहुधा तिसऱ्या-चौथ्या अंकाला अडखळतात: सुरुवातीचा उत्साह आणि मित्रांच्या कथा दोन्ही तोवर संपलेल्या असतात. ढीग वाचायला निदान तिघं हवेत. एकटा संपादक दोन महिन्यांत थकतो आणि चांगली कथाही डोळ्यांखालून निसटते. कथा स्वीकारण्याचे दिवस ठरवून टाका, वर्षातून दोनदा दोन-दोन आठवडे. 'कधीही पाठवा' म्हणालात तर पहिल्या महिन्यातच दार बंद करावं लागेल.